घाटावरचं ऊन

दुसऱ्याच्या चित्रावर, त्याला न विचारता, मी ऊन पाडलं आणि खाली त्याच्या नावाची सही केली. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे सरांबद्दल मी जे लिहिणार आहे ते बरंचसं तक्रारीच्या सुरात उतरेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल की मी एक वैताग सोसणारा बिचारा होतो. वैताग खरा होता. बिचारा मात्र मी नव्हतो.

सर रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या हाताखाली दुसरा चित्रकला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मी वाईजवळच्या एका खेड्यातला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "घाटावरचा ना तू?" मी हो म्हटलं. "मग डोंगर तुला उलटा दिसत असणार," असं म्हणून ते खडू मोजायला लागले. मला तो टोमणा वाटला. कोकणातले लोक आम्हाला टोमणे मारतातच, म्हणून मी सोडून दिलं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक काडेपेटी असायची. विडी नाही, सिगारेट नाही. काडेपेटीचा आतला खण काढून टाकलेला आणि वरचं टरफल तेवढं ठेवलेलं. त्या चौकटीतून ते एक डोळा मिटून जगाकडे बघायचे. शिक्षकांच्या खोलीत मुख्याध्यापक परिपत्रक वाचून दाखवत असले की हे काडेपेटी डोळ्याला लावायचे आणि म्हणायचे, "साहेब, जरा डावीकडे सरका. मागची खिडकी तुमच्या डोक्यातून उगवतेय." मुख्याध्यापक सरकायचे! मला याचाच जास्त राग यायचा. सगळं गाव त्यांचं ऐकायचं आणि मागून हसायचं.

समुद्राच्या गावात जन्म काढलेला हा माणूस समुद्र कधी रंगवत नसे. लोक विचारायचे, "सर, मांडवीच्या किनाऱ्यावर बसून एखादं गलबताचं चित्र काढा की."

"समुद्रात मांडायचं काय?" सर म्हणायचे. "एक आडवी रेघ. ती तर तुमची तुम्ही पण ओढाल."

त्यांना फक्त डोंगर हवा असायचा, तोही तेलरंगात. आणि तेलरंगातला डोंगर म्हणजे त्यांच्या मते नव्वद टक्के मांडणी आणि दहा टक्के हात धुणं. "रंग ही शेवटची गोष्ट," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की मला ते फळ्याच्या वर कोरलेलं दिसायचं. आधी काडेपेटीएवढी पेन्सिलीची चित्रं काढायची. ती जुन्या उत्तरपत्रिकांच्या मागे काढायची, कारण कोऱ्या कागदावर माणूस लाडात येतो. प्रत्येकाला नंबर घालायचा. एका डोंगराची चाळीस-पन्नास चित्रं. सतराव्यात आणि तेविसाव्यात फरक एवढाच की शिखर तांदळाच्या दाण्याएवढं उजवीकडे सरकलेलं.

"कुठलं बरं?" ते विचारायचे.

"दोन्ही सारखीच आहेत, सर."

"मेल्या, सारखी असती तर मी दोन कशाला काढली असती?"

मी तेवीस म्हणायचो. ते "का?" विचारायचे. मी कारण सांगायचो. मग ते सतरा निवडायचे.

वर्गातही तेच. इतर शाळांतली मुलं ग्रेडच्या परीक्षांसाठी फुलदाण्या आणि नक्ष्या काढत असायची तेव्हा आमची मुलं महिनाभर नुसत्या चौकटी काढत. डोंगर काढायला सांगितला की मुलं काय काढतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. दोन त्रिकोण आणि मधून डोकावणारा अर्धा सूर्य. एकदा एका मुलानं तसं चित्र दाखवलं. सरांनी विचारलं, "हा सूर्य उगवतोय की मावळतोय?"

"उगवतोय, सर."

"म्हणजे तू डोंगराच्या अलीकडे, कोकणात उभा आहेस. मग अलीकडच्या अंगाला पिवळा रंग कुणी फासला? तुझ्या आजोबांनी?"

वर्ग हसला. मीही मागच्या बाकाजवळ उभा राहून हसलो. हसून झाल्यावर ते मी विसरलो.

शाळेला सुट्टी असली की सर मला सह्याद्री बघायला न्यायचे. न्यायचे म्हणजे मी त्यांची चित्र टेकवायची घडीची तिवई, रंगांची पेटी आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन पहाटेच्या एसटीत बसायचो, आणि ते खिडकीतून काडेपेटी लावायचे. साखरप्याच्या पुढे गेलं की डोंगर एकदम अंगावर येतो. तिथे उतरून आम्ही एका कातळावर बसायचो. मी तिवई उभी करायचो. सर बसायचे. नऊ वाजायचे, दहा वाजायचे. पेटी उघडली जायची नाही.

"सर, रंग काढू का?"

"कशाला? आज ओळख तर होऊ दे."

तीन वर्षांत त्या कातळावर आम्ही किती वेळा गेलो त्याची मोजदाद मी ठेवली नाही, पण एसटीचा कंडक्टर आम्हाला "काय मास्तर, हलला काय डोंगर?" असं विचारायला लागला होता. एका सकाळी सरांना साक्षात्कार झाला की योग्य जागा कातळावर नसून मागच्या गोठ्यात आहे. गोठ्याच्या दारातून पाहिलं की वरची तुळई चित्राची वरची कड होते, म्हणे. आम्ही गोठ्यात शिरलो. मालक, एक काटक शेतकरी, शेण काढत होता. त्याला सगळं समजावून सांगितल्यावर तो भला माणूस म्हणाला, "मास्तर, म्हशीला बाजूला करू काय?"

"नको, म्हैस राहू दे. तूच जरा बाजूला हो," सर म्हणाले.

त्या दिवशी आम्ही दोन तास म्हशीशेजारी उभे होतो. घरी गेल्यावर माझ्या बायकोनं मला आधी अंगणातच आंघोळ घातली.

एवढं सगळं होऊन कॅनव्हासवर काय होतं? चार फूट बाय अडीच फुटांचा तो कॅनव्हास सरांनी स्वतः ताणला होता. चित्रकलेच्या खोलीत तो कोपऱ्यात उभा असायचा. वर आकाश, डोंगरमाथ्याच्या मागून फुटणारा उजेड, दरीत थोडं धुकं. ते मात्र सुरेख होतं, हे तेव्हाही मला कळत होतं. पण मधला सगळा डोंगर, चित्राचा निम्मा भाग, नुसता एका निळसर करड्या तपकिरी रंगात सपाट ठेवलेला. ना कडे, ना घळी, ना झाडं. तेलरंगात असा पातळ पहिला हात देतात आणि वर मग जाड रंगात काम करतात. सरांनी तो पहिला हात दिला, त्यालाही वर्ष झालं. पावसाळ्यात आपल्याकडे तेलरंग वाळत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर ब्रशला हात लावायचाच नाही. थंडीत हात आखडतो. उन्हाळ्यात हवा धुरकट असते. उरलेल्या दिवसांत ते काडेपेटीतून त्या सपाट डोंगराकडे बघत बसायचे.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी गावातल्या एका वाचनालयाची नवी इमारत झाली. वाचनकक्षाच्या भिंतीवर मोठं चित्र लावायचं ठरलं, आणि चित्र सरांचं लावा, असा शब्द मी टाकला. मीच टाकला. मला वाटलं, निवृत्तीआधी या माणसाचं काहीतरी चार लोकांसमोर यावं. वाचनालयाचे कार्यवाह सरांकडे रीतसर विचारायला गेले. त्या संध्याकाळी सर माझ्या घरी आले. ते कुणाच्या घरी सहसा जात नसत. चहा घेतला, बशीत ओतून प्यायला, आणि जाताना दारात म्हणाले, "चाळीस वर्षं चित्रं काढतोय. मागितलं कुणी पहिल्यांदाच."

एवढं म्हणाले, आणि पुन्हा पाच महिने त्या डोंगराला हात लावला नाही.

उद्घाटन फेब्रुवारीतल्या एका रविवारी होतं. आधीच्या शुक्रवारी कार्यवाह मला शाळेच्या फाटकात गाठून म्हणाले, "मास्तर, भिंतीला खिळा मारून तीन आठवडे झाले. पाहुण्यांच्या हस्ते खिळ्याचंच उद्घाटन करायचं काय?"

"होतंय, होतंय."

"होतंय म्हणजे? नाहीतर तसं सांगा. आमच्या मेव्हण्याकडे स्वित्झर्लंडचं छापील चित्र आहे. चांगलं काचेत बसवलेलं."

मी सरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी साखरप्याला जाऊन येतो. एक गोष्ट बघायची राहिली आहे. दुपारी चारला येईन. मग झालंच."

"सर, तीन वर्षं बघतोय आपण! आता काय बघायचं राहिलं?"

"तेच तर बघायला जातोय."

शनिवारी सकाळची शाळा सुटली. मी चित्रकलेच्या खोलीत एकटा त्या कॅनव्हाससमोर बसलो. चारचे साडेचार झाले. साडेपाचला कार्यवाहांची हातगाडी यायची होती. ते काचेतलं स्वित्झर्लंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो सपाट, आंधळा, अर्धवट डोंगर मात्र समोर होता. मला सरांचा भयंकर राग आला. आणि रागाखाली आणखी काहीतरी होतं, ज्याचं नाव तेव्हा मी घेतलं नाही.

मी त्यांची पेटी उघडली. पांढरा, पिवळा, थोडा गेरूसारखा लाल असे रंग तेलात कालवले, आणि त्या डोंगराच्या अंगावर सकाळचं ऊन पाडलं. कडे उजळले, घळीत सावल्या आल्या, सोंडा पुढे आल्या. लहानपणी वाईच्या बाजूनं सकाळी जसा डोंगर पाहायचो, तसाच हाताखालून येत गेला. पाऊण तासात झालं. तीन वर्षांचं काम पाऊण तासात केलं, या आनंदात मी उजव्या कोपऱ्यात त्यांची सहीही ठोकली. वर्षानुवर्षं हजेरीपटावर पाहून ती मला पाठ होती. हातगाडी आली, आणि ओल्या रंगाला धक्का लागू नये म्हणून मी स्वतः गाडीबरोबर चालत गेलो.

सरांची एसटी उशिरा आली होती. ते शाळेत गेले की नाही, त्यांना रिकामी खोली दिसली की नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही.

रविवारी ते इस्त्रीचा कोट घालून आले. बरोबर त्यांची बायको होती. सगळे त्यांना काकू म्हणायचे. पाहुण्यांनी पडदा सारला. टाळ्या झाल्या. पाहुणे म्हणाले, "वा! काय ऊन आहे! हात लावला तर चटका बसेल." सरांना शाल आणि नारळ दिला. शाल खांद्यावर तशीच ठेवून सरांनी खिशातून काडेपेटी काढली आणि चित्राकडे बघितलं. इतका वेळ बघितलं की लोक हसायला लागले. मग ते माझ्याजवळ आले आणि हळू म्हणाले, "यात दोन सूर्य आहेत."

जवळच्या कुणीतरी ते ऐकलं. "कलावंताचं बोलणं!" असं म्हणून तोही हसला.

मला मात्र तिथे उभ्या उभ्या कळलं. आकाशातला सूर्य डोंगराच्या मागे होता, कारण कोकणातून पाहणाऱ्याला तो मागूनच उगवतो. आणि मी समोरच्या अंगावर ऊन पाडलं होतं, जे सकाळी फक्त घाटावरून बघणाऱ्याला दिसतं. माझ्या गावचा डोंगर मी त्यांच्या डोंगरावर चढवला होता. सकाळच्या त्या वेळी कोकणाकडची बाजू सावलीतच असते. निळसर, करडी, सपाट. जशी त्यांनी ठेवली होती तशी.

सरांनी नारळ पिशवीत टाकला आणि काकूंना घेऊन घरी गेले. मे महिन्यात निवृत्त झाले. लोक रस्त्यात थांबवून त्या उन्हाचं कौतुक करायचे, तर ते म्हणायचे, "हो, ऊन चांगलं आहे." पूर्वी रोज संध्याकाळी ते वाचनालयात पेपर वाचायला जायचे. ते बंद झालं. एसटी स्टँडच्या बाकावर बसून दुसऱ्याचा पेपर मागून वाचताना मी त्यांना बघितलं, आणि रस्ता बदलला.

चार वर्षं मी रस्ता बदलत राहिलो. मनात त्यांच्याशी भांडत राहिलो. हातगाडी दाराशी येणार होती, मी काय करायचं होतं? तुम्ही वेळेवर आला असतात तर? ओरडला असतात तरी चाललं असतं! चारचौघांत माझी लाज काढली असती तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण या माणसानं तेही काम अर्धवट ठेवलं होतं.

मग एकदा बाजारात काकू भेटल्या. कोकमं घेत होत्या. त्यांनी नेहमीसारखी विचारपूस केली, पोरंबाळं कशी आहेत, आणि मग बोलता बोलता म्हणाल्या, "त्या शनिवारी साखरप्याहून आले ना, ते घरी हसत आले. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, झालं गो चित्र. पावणेदहापर्यंत बसलो, डोंगराच्या अंगावर एक किरण आला नाही. म्हणजे आहे तसाच बरोबर आहे. आता त्याला हात लावायचा नाही. नुसती सही करून येतो म्हणाले, नि चहासुद्धा न घेता शाळेकडे गेले."

कोकमं पिशवीत भरून काकू म्हणाल्या, "या हो कधीतरी घरी. तुमची आठवण काढतात."

त्याच रविवारी मी गेलो. सर पडवीत खुर्चीवर बसले होते. थकले होते, पण मला बघून काडेपेटी डोळ्याला लावलीच. "जाडा झालास. चौकटीत मावत नाहीस."

मी उभ्यानंच म्हणालो, "सर, माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"तुम्हाला दुखावलं त्याची."

"दुखलं ते मला. ते माझं काम झालं. तुझं काय ते सांग."

"तुम्हाला न विचारता चित्राला हात लावला."

"विचारलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, आणि तू तरी लावला असतास. पुढे."

"उजेडाची दिशा चुकली."

"ते मी तुला तेव्हाच सांगितलं." त्यांनी काडेपेटी खाली ठेवली. "अरे, माफीला काही मांडणी असते की नाही? मधोमध काय आहे ते ठरव. कडेकडेनं काय फिरतोस?"

माफी मागायला आलेल्या माणसानं चिडू नये. पण मी चिडलो. सात-आठ वर्षांचा सगळा वैताग एकदम वर आला. मी ओरडलोच, "काय सांगू आणखी? तीन वर्षं पेटी वाहिली तुमची! म्हशीशेजारी उभा राहिलो! तुम्ही नुसते बघत बसायचात. मला वाटलं, तुम्हाला येतच नाही! डोंगर रंगवताच येत नाही, म्हणून वेळ काढताय. उद्या ते सगळ्या गावासमोर उघडं पडेल, आणि शब्द मी टाकलाय, म्हणून..."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

सर माझ्याकडे बघत होते. डोळ्याला काही न लावता. "हं," ते म्हणाले. "आता बोल."

मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसलो. त्यांनी घाई केली नाही, आणि त्या दिवशी प्रथमच मलाही घाई नव्हती.

मी म्हणालो, "सर, तुम्हाला येत नाही असं मला वाटलं. मला तुमची लाज वाटली, आणि ती झाकायला मी ते ऊन पाडलं. तुमचं चित्र पुरं झालं होतं. मी शेजारी बसून तीन वर्षं बघितलं, तरी मला ते दिसलं नाही. आणि माझ्या चुकीखाली मी तुमचं नाव घातलं. मला क्षमा करा."